एका ध्वनिक्षेपकाचे भागीदार

खेळांचा इतिहास लिहिणारे बहुधा खेळाडूंचाच इतिहास लिहितात. कोणी किती धावा काढल्या, कोणाच्या नेतृत्वाखाली कोणता सामना जिंकला, कोणता करंडक कोणत्या साली कोठे गेला, ही सारी माहिती तक्त्यांत सुखरूप असते. परंतु मैदानाच्या कडेला खोक्यासारख्या एका लहानशा खोलीत गुडघ्याला गुडघा लावून बसणारी, खेळ पाहता पाहता तो दुसऱ्यांस सांगणारी आणि सांगता सांगता एकमेकांची टोपी उडविणारी जी मंडळी, तिची नोंद कोणत्याच तक्त्यात सापडत नाही. ज्यांनी खेळ डोळ्यांनी पाहिला त्यांस या मंडळींची फारशी गरज नसते. ज्यांनी तो कानांनी पाहिला, त्यांस मात्र ही मंडळी म्हणजेच खेळ.

भंडारा जिल्हा हा अशा कानांनी पाहणाऱ्यांचा मुलूख. वैनगंगेच्या काठचा, तळ्यांचा, धानाचा आणि पितळी भांड्यांचा हा प्रदेश नागपुरापासून साठएक किलोमीटरांवर आहे. नागपूरचे नभोवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. पण नागपूरच्या मैदानावर पहिला कसोटी सामना व्हावयास १९६९ चा ऑक्टोबर महिना उजाडावा लागला. त्या सामन्यात न्यूझीलंडने भारताचा १६७ धावांनी पराभव केला व भारतभूमीवरील आपला पहिला कसोटी विजय मिळविला. म्हणजे वैदर्भीय रसिकांनी एकवीस वर्षे वाट पाहून घरच्या अंगणात पाहिले ते हे! ते असो. सांगावयाचे ते इतकेच की, मधल्या एकवीस वर्षांत ज्या घरी रेडिओचा संच असे त्या घरच्या ओसरीवर बसलेल्या माणसास कसोटी खेळाडूंचे चेहरे वृत्तपत्रांतल्या पुसट छायाचित्रांतूनच काय ते ठाऊक. समालोचकाचा आवाज मात्र त्यास घरच्या माणसाच्या आवाजासारखा ओळखू येई. कोण खोकला, कोण हसला, कोण कोणास चिमटा काढून गेला, हेही त्यास कळे.

प्रत्यक्ष मैदानावरून खेळाचे वर्णन करण्याची ही कला तशी फार जुनी नव्हे. ऑस्ट्रेलियात सिडनी येथे १९२२ साली एका सामन्याचे वर्णन प्रथम प्रक्षेपित झाले. इंग्लंडात १९२७ च्या मे महिन्यात लेटन येथील एसेक्स विरुद्ध न्यूझीलंड या सामन्याचे समालोचन फ्रँक गिलिंगहॅम नावाच्या धर्मोपदेशकाने केले. पुढे एकदा पावसाने खेळ थांबला असता बोलावयास काहीच उरले नाही, तेव्हा या सद्गृहस्थाने मैदानाभोवतीच्या जाहिरातीच वाचून दाखविल्या व त्यामुळे बी. बी. सी. चे अधिकारी रुष्ट झाले, अशी कथा सांगतात. कथेतील तपशील कसाही असो, अडचण खरी आहे. क्रिकेटच्या खेळात घडण्यापेक्षा न घडण्याचाच वेळ अधिक. हा रिकामा वेळ एकट्या माणसाने कसा भरावा? येथूनच सोबत्याची आवश्यकता उत्पन्न झाली.

हिंदुस्थानात मात्र आरंभ एकट्यानेच झाला, आणि त्या एकट्याने सोबतीची गरज जवळजवळ अखेरपर्यंत मानली नाही. अर्देशीर फरदूनजी सोहराबजी तल्यारखान, ज्यांस सारी मुंबई ‘बॉबी’ म्हणे, यांनी १९३४ साली मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावरून चौरंगी सामन्यांतील पारशी विरुद्ध मुसलमान या लढतीचे समालोचन केले. मुंबईचे नभोवाणी केंद्र त्या वेळी अवघे सात वर्षांचे होते. ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नावही अद्याप पडले नव्हते. तल्यारखान यांचा आवाज भरदार, गोष्टींचा साठा अमाप आणि आत्मविश्वास त्याहूनही मोठा. सकाळी पहिला चेंडू पडला की त्यांचा ओघ सुरू होई, तो उपाहाराची व चहाची सुटी वगळता सायंकाळी यष्ट्या उखडेपर्यंत अखंड चाले. दुसऱ्याच्या हाती ध्वनिक्षेपक देणे त्यांस मान्य नव्हते. गवयाने मैफल मांडावी आणि मध्येच दुसऱ्याने येऊन तान घ्यावी, तसे त्यांस ते वाटत असले पाहिजे. श्रोत्यांनीही त्यांस तसेच स्वीकारले होते. तल्यारखान म्हणजे क्रिकेट आणि क्रिकेट म्हणजे तल्यारखान, असा तो काळ.

१९४८-४९ च्या हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ प्रथमच भारतात आला आणि नभोवाणीच्या चालकांनी ठरविले की, यापुढे समालोचन तिघांनी वाटून करावयाचे. तल्यारखान यांनी ते नाकारले व ध्वनिक्षेपकासमोरून उठून गेले. त्यांच्या बाजूने बोलावयास जागा आहे. एका माणसाच्या दृष्टीतून पाहिलेला दिवस हा एकसंध असतो. तीन माणसांनी तो पाहिला की त्याचे तीन तुकडे होतात. परंतु चालकांची बाजूही निराधार नव्हती. सहा तास एकाच घशावर अवलंबून राहणे हे यंत्रणेच्या दृष्टीने धोक्याचे आणि एकाच मतावर अवलंबून राहणे हे श्रोत्यांच्या दृष्टीने अपुरे. शिवाय देश नुकताच स्वतंत्र झाला होता, केंद्रे वाढत होती, आणि उद्या दहा ठिकाणी सामने व्हावयाचे तर एकाच माणसावर भागणार कसे?

दैवाची गंमत अशी की, ज्या मालिकेपासून त्यांनी आपणास दूर ठेवले तिचा शेवट कोणाही समालोचकाने जन्मभर सांगावा असा झाला. १९४९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या ब्रेबोर्न मैदानावर पाचव्या कसोटीत भारतास विजयासाठी ३६१ धावा हव्या होत्या. विजय हजारे यांनी १२२ धावा काढल्या. शेवटी आठ गडी बाद ३५५ असा फलक असताना, म्हणजे अवघ्या सहा धावा उरल्या असताना, षटक पुरे होण्यापूर्वीच पंच जोशी यांनी बेल्स उचलल्या आणि सामना अनिर्णित ठरला. घड्याळात किंचित वेळ शिल्लक होता, हा वाद पुढे वर्षानुवर्षे चालला. अशा क्षणी एकट्या माणसाने सुन्न होऊन गप्प बसणे साहजिक आहे. शेजारी दुसरा असला म्हणजे निदान भांडता तरी येते.

पाळीपाळीने बोलण्याची ही रीत रूढ झाल्यावर समालोचकांच्या खोलीचे रूपच पालटले. ठरलेली मिनिटे झाली की बोलणारा आपले वाक्य षटकाच्या अखेरीस आणून ठेवी आणि शेजाऱ्याचे नाव घेऊन त्याच्या स्वाधीन करी. या नाव घेण्याच्या क्षणातच सारी खुमारी असते. तो एक शब्द कौतुकाने म्हटला की थट्टेने, हे कान सरावलेल्या श्रोत्यास अचूक कळते. ज्याची पाळी नसे तो धावफलकाच्या वहीवर डोळा ठेवी, आकडा चुकला तर चिठ्ठी सरकवी, आणि चिठ्ठीवर कधी आकड्याऐवजी भलतेच काही लिहून बोलणाऱ्यास हसू आवरणे कठीण करी. एकमेकांचे दोष वर्षानुवर्षे ऐकून पाठ झालेले; कोण खेळाडूंची नावे अडखळत घेतो, कोणास जुन्या काळाखेरीज काही सुचत नाही, हे सर्वांस ठाऊक. थट्टा होई ती या ठाऊकपणातून. अनोळखी माणसाची थट्टा हा अपमान होतो, आणि वीस वर्षे शेजारी बसलेल्या माणसाची थट्टा न करणे हाही एक प्रकारचा अपमानच समजला जातो.

या प्रकारच्या विनोदाचा सर्वांत प्रसिद्ध नमुना १९६० च्या जानेवारीतला. ब्रेबोर्न मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत अब्बास अली बेग या कोवळ्या खेळाडूने दुसऱ्या डावातही अर्धशतक पुरे केले, तोच प्रेक्षकांतून एक तरुणी धावत मैदानात आली आणि तिने त्याच्या गालाचे चुंबन घेतले. त्या काळच्या मुंबईस हा प्रकार सर्वस्वी नवा. त्या वेळी समालोचन करीत होते विजय मर्चंट. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये ज्यांची सरासरी एकाहत्तरांहून अधिक, असे अत्यंत संयमी, सभ्य आणि शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी ध्वनिक्षेपकावरून विचारले की, आपण शतके आणि द्विशतके काढीत होतो तेव्हा या धाडसी तरुणी कोठे होत्या? साऱ्या देशाने ते ऐकले. आज बेग यांच्या त्या डावातील फटके कोणास आठवत नाहीत. मर्चंट यांचे ते वाक्य मात्र आठवते. पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातल्या त्या गंभीर माणसाने स्वतःच्याच खर्चाने विनोद केला, म्हणून तो टिकला.

दुसऱ्याच्या खर्चाने केलेल्या विनोदाचाही एक नमुना सांगितला पाहिजे. विजयानगरमचे महाराजकुमार, क्रिकेटच्या जगातले ‘विझी’, हे उत्तरायुष्यात समालोचक म्हणून नित्य ऐकू येत. त्यांचे बोलणे लांबण लावणारे, आणि वाघांच्या शिकारी हा त्यांच्या संभाषणाचा आवडता विषय. त्यांनी एकदा आपण शेकडो वाघ कसे मारले हे सांगितले तेव्हा वेस्ट इंडीजचा फलंदाज रोहन कन्हाय म्हणाला म्हणतात की, बंदुकीची काय गरज होती, आपण जंगलात रेडिओ चालू ठेवून समालोचन केले असेल आणि वाघ कंटाळून मेले असतील! हा किस्सा क्रिकेटच्या वर्तुळात इतक्या वेळा सांगितला गेला आहे की, त्याला आता साक्षीपुराव्याची गरज उरलेली नाही.

तथापि त्या हशाच्या मुळाशी थोडी जुनी जखमही आहे. १९३६ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर विझी भारतीय संघाचे कर्णधार होते. ते पद त्यांस खेळापेक्षा वजनामुळे मिळाले, हे सर्वमान्य आहे. त्यांच्याच कारकीर्दीत लाला अमरनाथ यांस पहिल्या कसोटीपूर्वीच मायदेशी परत पाठविण्यात आले. आणि भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांच्याशी तर विझींच्या गटाचे उघड वैर होते. न्याहारीच्या वेळी नायडूंचा सर्वांदेखत अपमान केला म्हणून एका खेळाडूस ओव्हलच्या कसोटीत स्थान मिळाले, असेही त्या दौऱ्यातील सहकाऱ्यांकडून पुढे सांगितले गेले. नायडू हे नागपूरचे. ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी तेथेच जन्मलेले. तेव्हा विझींचा आवाज संचातून येऊ लागला की विदर्भातल्या ओसरीवर कोणती मुद्रा उमटत असेल, हे सांगावयास नको. थट्टा कधी कधी न्यायालयाचे काम करते. जो निकाल कोणी लिहिला नाही, तो कन्हायच्या एका वाक्याने लागला.

खेळाच्या बातमीदारांचे बाकही याच खोलीचे सख्खे भावंड. तेथील थट्टेवर मात्र १९३० नंतरच्या दशकांत एक सावली पडली होती. मुंबईचे सामने जातवार व धर्मवार संघांत खेळले जात. हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपीय, आणि १९३७ पासून ‘इतर’. बाकावर मात्र सारे एकत्र. ‘तुमचे गडी’ आणि ‘आमचे गडी’ असे म्हणून एकमेकांस डिवचणे हा तोवर निरुपद्रवी खेळ होता. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे क्रीडासंपादक जे. सी. मैत्र यांनी या धर्मवार सामन्यांविरुद्ध सातत्याने लेखणी चालविली. १९४० च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याची मंडळी वर्ध्याजवळ सेवाग्रामास जाऊन गांधीजींस भेटली आणि गांधीजींनी अशा सामन्यांबद्दल आपली नापसंती स्पष्ट सांगितली. स्पर्धा तरीही १९४६ पर्यंत चालली. बाहेर गर्दी वाढत होती, देशाचे वातावरण बिघडत होते, आणि ‘तुमचे-आमचे’ या दोन शब्दांचा अर्थ एकाच बाकावर बसलेल्यांच्या देखत बदलत गेला. स्पर्धा बंद पडली तेव्हा काहींस हळहळ वाटली, काहींस समाधान. दोन्ही भावना प्रामाणिक होत्या.

मराठी समालोचनाची कथा याहून आनंदाची. क्रिकेटचे मराठी बोलणे म्हणजे प्रथम शब्दांचाच प्रश्न. इंग्रजी शब्द तसेच ठेवावे तर भाषेस कमीपणा, सारेच भाषांतरित करावे तर श्रोता बुचकळ्यात. या अडचणीतून मराठीने जी वाट काढली तिच्यात एक मिस्कीलपणा आहे. ‘गोलंदाज’ हा तोफ डागणारा. किल्ल्याच्या बुरुजावरून तो थेट खेळपट्टीवर उतरला. त्याच धाटणीवर फळी घेऊन उभा राहणारा ‘फलंदाज’ झाला. बाद होणाऱ्यास कुस्तीच्या हौद्यातला ‘चीत’ मिळाला. पायचीत, झेलचीत, यष्टिचीत. वस्तुतः हा गडी दोन पायांवर ताठ उभा असतो, पाठ मातीस लागलेली नसते, पण मराठी मनास चीत केल्याखेरीज कोणी हरल्यासारखे वाटतच नाही! आणि तीन यष्ट्या उडाल्या की ‘त्रिफळा’. हिरडा, बेहडा आणि आवळकाठी यांचे चूर्ण ज्या भाषेत घरोघर घेतले जाते, त्याच भाषेस ही थट्टा सुचावी. हे शब्द एका कोणा पंडिताने एकांतात बसून घडविले असतील असे वाटत नाही. त्यांना कट्ट्यावरच्या गप्पांचा वास आहे.

हे शब्द आवाजाच्या रूपाने घरोघर पोहोचविणाऱ्यांत पुण्याचे बाळ ज. पंडित यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. १९२९ साली जन्मलेले पंडित महाराष्ट्राकडून स्वतः प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळलेले होते. मराठी समालोचनाचे आद्य प्रवर्तक म्हणून त्यांची कीर्ती झाली ती २०१५ साली त्यांचे निधन होईतो कायम राहिली. पुण्याच्या क्रिकेटला संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्यासारखा अध्वर्यू लाभलेला. ज्यांनी महाराष्ट्रास १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकून दिला आणि जे एकशे एक वर्षे जगले. अशा गावात शुद्ध बोलणे आणि खवचट बोलणे या दोन्ही विद्या सारख्याच मानाने शिकविल्या जातात.

पंडितांच्या जोडीने ज्यांचा आवाज मराठी श्रोत्यांस परिचित झाला ते वि. वि. करमरकर. ‘महाराष्ट्र टाइम्स’ १९६२ साली निघाला तेव्हा मराठी दैनिकांत खेळाच्या बातमीस कोपऱ्यातली जागा असे. करमरकरांनी तेथे खेळाचे स्वतंत्र पान उभे केले. कबड्डी, खोखो, कुस्ती यांस क्रिकेटच्या पंक्तीत आणून बसविले. क्रिकेटवेड्या शहरी वाचकास ते कधी रुचले नाही, पण करमरकरांनी वाचकाच्या रुचीपुढे मान तुकविली नाही. त्यांच्या आग्रहामागे विदर्भाचीही पुण्याई होती. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली होती, हे मराठी माणूस विसरू लागला होता. करमरकर २०२३ च्या मार्चमध्ये निवर्तले. त्याच वर्षी जुलैत शिरीष कणेकर गेले, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत द्वारकानाथ संझगिरी. संझगिरी हे पेशाने मुंबई महापालिकेचे अभियंते; कणेकर हे चित्रपट आणि क्रिकेट या दोन वेडांचे सारखेच धनी. दोघांनीही क्रिकेटवर असे लिहिले की, वाचणाऱ्यास आपण कट्ट्यावर त्यांच्या शेजारी बसलो आहोत असे वाटावे. दोन वर्षांच्या आत या बाकावरच्या तीन जागा रिकाम्या झाल्या.

भंडारा जिल्ह्याचा स्वतःचा असा एक ध्वनिक्षेपक आहे, त्याचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. धानाची कापणी-मळणी उरकली, संक्रांत झाली, की झाडीपट्टीत शंकरपटाचे दिवस येतात. बैलांच्या जोड्या कोठे एकमेकींशी सुटतात, कोठे घड्याळाशी, निकाल सेकंदांचा. रात्री दंडार किंवा झाडीपट्टीचे नाटक ठरलेलेच. पटावर ध्वनिवर्धकाशी बसणारे निवेदक जोडीचे नाव, मालकाचे गाव, लागलेला वेळ हे सांगतात. पण तेवढ्यावर भागविणारा निवेदक पटकऱ्यांस रुचत नाही. कोणत्या गावची जोडी मागल्या खेपेस कोठे बिचकली, कोणत्या मालकाने बैलास स्वतःच्या पोरापेक्षा अधिक खाऊ घातले, हेही त्यास यावे लागते, आणि शेजाऱ्याने त्यावर झाडीबोलीत तोडीस तोड उत्तर द्यावे लागते. या प्रदेशात खडीगंमत नावाची सवाल-जबाबांनी रंगणारी लोककला पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. पटावरच्या निवेदनाचे बोलणे तिच्याच कुळातले दिसते. मुंबईच्या खोलीत जे १९४८ नंतर यंत्रणेच्या सोयीसाठी आले, ते येथे आधीपासूनच रक्तात होते.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या. बैलांस होणाऱ्या यातनांचा प्रश्न खरा होता. पराणी आणि आर यांचा उपयोग कोणासही नाकारता येण्याजोगा नव्हता. पण त्या निकालाने धावणाऱ्यांबरोबर बोलणारेही थांबले. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. मध्ये साडेसात वर्षे गेली. शेजारी बसून एकमेकांस टोमणे मारण्याची सवय साडेसात वर्षांत मोडते. बैल नवे आणता येतात, पण कोणत्या टोमण्याला कोणते उत्तर यावयाचे हे ज्यास ठाऊक आहे असा शेजारी बाजारात मिळत नाही. परवानगीनंतर पट पुन्हा भरू लागले ते अनेक ठिकाणी नव्या तोंडांनी.

आणि तल्यारखान? ते रुसून बसले, पण क्रिकेटपासून दूर गेले नाहीत. वृत्तपत्रांतील त्यांचे सदर पुढे कित्येक वर्षे चालले आणि तेथे त्यांस जागा वाटून घ्यावी लागली नाही. १९५४-५५ साली पाकिस्तानच्या दौऱ्याच्या वेळी त्यांचा आवाज पुन्हा ऐकू आला. नंतर १९७२-७३ साली इंग्लंडचा संघ आला असता नभोवाणीने त्यांस पुन्हा बोलाविले. त्यांस काम दिले ते दिवसाचा खेळ संपल्यावर त्याचा गोषवारा सांगण्याचे. पंचाहत्तरी गाठलेला तो माणूस सायंकाळी येई आणि दिवसभरात जे घडले ते सांगे. त्या वेळी खोलीत ध्वनिक्षेपकासमोर दुसरे कोणी नसे.